राग, गुस्सा आणि प्रीती



ख्रिस्ती श्रद्धा रागाशी कसं वागायला शिकवते, या विषयावर बोलायचं ठरलं तेव्हा पहिला प्रश्न घरातूनच आला. "तुम्हीच का? चर्चमधलं कुणी मिळालं नाही?" प्रश्न रास्त होता. मी मुसलमान. घरात दखनी बोलतो, कविता मराठीत लिहितो आणि पोट भरलं ते एस.टी.च्या नोकरीवर. धर्मशास्त्राचा अभ्यास म्हणाल तर बी.ए.पलीकडे पदवी नाही, आणि तीही मराठीची. पण नगर जिल्ह्यात वाढलेल्या माणसाला ख्रिस्ती शेजार नवा नसतो. श्रीरामपूर, राहुरी, संगमनेर या पट्ट्यात गावोगाव चर्च आहेत. सप्टेंबरात हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला जाणाऱ्या गर्दीत कपाळावर कुंकू लावलेल्या बायाही असतात आणि बुरख्यातल्याही असतात. तेव्हा मी बोलणार आहे ते शेजाऱ्याच्या नात्यानं. शेजाऱ्याला घरातलं सगळं दिसत नाही, पण जे दिसतं ते कधीकधी घरच्यांपेक्षा नीट दिसतं.

मी कवी, त्यामुळे आधी शब्दांकडे जातो. 'राग' हा शब्द मोठा गमतीचा आहे. संस्कृतात राग म्हणजे रंग, ओढ, आसक्ती. 'अनुराग' या शब्दात ते प्रेम अजून शिल्लक आहे. गवयाच्या राग-रागिण्यांतही आहे. मराठीत मात्र एकट्या 'राग' शब्दाचा अर्थ फिरला आणि तो संतापाच्या बाजूला जाऊन बसला. मला यात भाषेची चूक वाटत नाही. ज्यांच्याशी आपला काही संबंध नाही त्यांच्यावर आपण फारसे रागावत नाही. बापाचा राग मुलावर, बायकोचा नवऱ्यावर, भावाचा भावावर. ओढ नसेल तिथं राग फार काळ टिकत नाही.

आमच्या घरातला शब्द 'गुस्सा'. हा अरबीतून आला. तिथं त्याचा मूळ अर्थ घशात अडकणं, घास अडकून जीव घुसमटणं. ज्यानं रागानं लाल झालेल्या माणसाचा गळा पाहिला आहे, त्याला हा अर्थ कुणी समजावून सांगायला नको. आणि कुरआनात, आले-इम्रान या सूरहमध्ये, राग आवरणाऱ्यांसाठी जो शब्द येतो त्याच्यामागचं चित्र आहे पाण्यानं भरलेल्या पखालीचं तोंड आवळून बांधण्याचं. माझ्या लहानपणी भिश्ती जवळजवळ संपले होते, पण पखाल मी पाहिलेली आहे. काठोकाठ भरलेली, तोंड आवळलेली, आणि आत पाणी हलतंय. राग आवरला म्हणजे राग नाहीसा झाला असं तो शब्द म्हणतच नाही. पाणी आतच आहे, फक्त तोंड तुमच्या हातात आहे. त्याच आयतीत पुढे लोकांना माफ करणाऱ्यांचा आणि नंतर भलं करणाऱ्यांचा उल्लेख आहे. म्हणजे आधी आवरणं, मग माफ करणं, मग चांगलं वागणं. मला ही चढण ओळखीची आहे. ख्रिस्ती शिकवणीकडे मी याच वाटेनं आलो.

तिसरा शब्द मराठी बायबलमधला. तिथं 'प्रेम' हा शब्द क्वचित, 'प्रीती' हा शब्द पावलोपावली. शत्रूवरसुद्धा प्रीतीच करायची. विद्यार्थीदशेत मला हे हास्यास्पद वाटे. प्रीती म्हणजे नाटकातली, गाण्यातली, नदीकाठची. शत्रूवर कसली प्रीती? पुढे कळलं की मूळ ग्रीकमध्ये इथं जो शब्द आहे तो आवडण्याचा नाहीच. तो वागण्याचा आहे. समोरचा आवडो न आवडो, त्याचं बरं व्हावं अशा रीतीनं वागायचं. हे कळल्यावर आज्ञा सोपी झाली असं नाही. पण निदान अशक्य राहिली नाही. आवडून घेणं हातात नसतं, वागणं थोडंफार असतं.

येशूचं डोंगरावरचं प्रवचन मत्तयच्या शुभवर्तमानात पाचव्या ते सातव्या अध्यायात आहे. त्यात रागाचा विषय खुनाच्या बरोबरीनं येतो. खून करू नका हे जुनं नियमशास्त्र सांगत होतंच. येशू मागे सरकून म्हणतो की भावावर रागावणाराही न्यायाला पात्र आहे. हे फार कडक झालं असं वाटतं. पण लगेच पुढे एक गोष्ट येते. तुम्ही वेदीवर अर्पण घेऊन गेला आहात आणि तिथं आठवलं की भावाच्या मनात तुमच्याविषयी काही आहे, तर अर्पण तिथंच ठेवा, आधी जाऊन समेट करा, मग परत या. मी हे पुष्कळदा वाचलं तेव्हा एक बारीक गोष्ट ध्यानात आली. इथं भावाचा राग तुमच्यावर आहे, तुमचा भावावर नाही. आपल्याला वाटतं, माझ्या मनात कुणाविषयी काही नाही, मी मोकळा. येशू तेवढ्यावर सोडत नाही. दुसऱ्याच्या मनातला राग हीसुद्धा तुमची जबाबदारी, आणि तीही देवळाच्या पायरीवरून परत फिरण्याइतकी तातडीची.

दुसरा गाल पुढे करण्याची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते, आणि बहुतेक जण ती चेष्टेनंच सांगतात. पण मूळ मजकुरात 'उजवा गाल' असं स्पष्ट म्हटलं आहे. समोर उभ्या माणसाच्या उजव्या गालावर उजव्या हातानं मारायचं तर हात उलटा मारावा लागतो. करून बघा, हवेत. उलट्या हाताची थप्पड ही मारामारीतली थप्पड नव्हे, ती पायरी दाखवण्याची थप्पड. मालकानं गुलामाला मारायची. दुसरा गाल पुढे केला की मालकाची अडचण होते. आता सरळ हातानं मारायचं तर समोरच्याला बरोबरीचा मानावं लागतं. काही अभ्यासकांनी हा अर्थ लावला आहे आणि मला तो पटतो. तेच एका मैलाचं. रोमन शिपाई वाटेतल्या कुणालाही वेठीला धरून आपलं ओझं मैलभर वाहायला लावू शकत असे. येशू म्हणतो, दोन मैल जा. पहिला मैल वेठीचा. दुसरा तुमच्या मर्जीचा. तिथं शिपायालाच कळेनासं होतं की या माणसाचं काय करायचं. यात लाचारी कुठं आहे? मला तर यात ताठ कणा दिसतो.

आणि येशू रागावत नव्हता असं समजू नका. मंदिरात पैशांची अदलाबदल करणाऱ्यांचे चौरंग त्यानं उलथवले ही गोष्ट सर्वांना माहीत आहे. मला त्याहून मार्कच्या शुभवर्तमानातला एक छोटा प्रसंग जास्त आवडतो. शब्बाथाच्या दिवशी सभास्थानात हात वाळलेला एक माणूस येतो. लोक टपून बसलेले असतात, हा विश्रांतीच्या दिवशी त्याला बरं करतो का ते पाहायला. येशू सगळ्यांकडे पाहतो, आणि त्या नजरेत राग आहे असं मार्क स्पष्ट लिहितो. त्याच वाक्यात त्यांच्या कठीण मनांविषयी दुःखही आहे. मग तो त्या माणसाला हात पुढे करायला सांगतो आणि हात बरा होतो. राग, दुःख आणि बरं करणं, सगळं एका दमात. तो राग कुणाच्या तरी वाळलेल्या हातासाठी होता. स्वतःच्या अपमानासाठी तो रागावल्याचं मला शुभवर्तमानात कुठं सापडलं नाही. वधस्तंभावर तर त्यानं मारणाऱ्यांसाठी क्षमा मागितली.

हे झालं पोथीतलं. आता आपल्या मातीतलं. मराठी वाचणाऱ्या कुणाही माणसाला राग आणि ख्रिस्ती श्रद्धा हे शब्द एकत्र ऐकले की एक घर आठवायला हवं. रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक यांचं. फुलामुलांचे कवी म्हणून टिळक आपल्याला शाळेत भेटतात. 'स्मृतिचित्रे' वाचलं की कळतं, हा कवी जमदग्नीचा अवतार होता. वडील संतापी आणि मुलानं तो वारसा पुरेपूर घेतलेला. रागाच्या झटक्यात घर सोडायचं, कुठं गेले त्याचा पत्ता नाही, आणि मग परत यायचं ते काही झालंच नाही अशा तोंडानं. लक्ष्मीबाई हे सारं हसत हसत लिहितात. बी.ए.ला असताना मी ते पुस्तक पहिल्यांदा वाचलं आणि पोट धरून हसलो. लग्नानंतर वाचलं तेव्हा तेवढं हसू आलं नाही. त्या हसण्याच्या मागं बाईनं काय काय गिळलं असेल हे तेव्हा दिसायला लागलं.

१८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन प्रवाशानं टिळकांना नवा करार वाचायला दिला. त्यातल्या डोंगरावरच्या प्रवचनानं त्यांना धरून ठेवलं. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळलं. त्या सोवळ्यातल्या घरात वाढलेल्या. नवरा जिवंत असून गेल्यासारखा. पुढची काही वर्षं दोघं वेगळे राहिले. इथं मला टिळकांची खरी परीक्षा दिसते. जो माणूस भाजीत मीठ कमी पडलं तर घर डोक्यावर घेईल असा, तो या बाबतीत मात्र थांबला. पत्रं लिहीत राहिला. पुढे लक्ष्मीबाई त्यांच्याजवळ राहायला आल्या तेव्हाही सोवळं-ओवळं पाळतच राहिल्या, आणि टिळकांनी धर्मासाठी सक्ती केली नाही. १९०० साली त्या आपल्या विचारानं ख्रिस्ती झाल्या.

म्हणून टिळक शांत झाले का? मुळीच नाही. 'स्मृतिचित्रे'मधले टिळक बाप्तिस्म्यानंतरही टिळकच आहेत. भोळे, उधळे, तापट. हीच गोष्ट मला या पुस्तकाविषयी फार मोलाची वाटते. धर्मांतराच्या कहाण्या सहसा अशा असतात की कालचा वाघ आज गाय झाला. लक्ष्मीबाई असलं काही सांगत नाहीत. स्वभाव बदलला नाही, पण त्या स्वभावाच्या माणसाला आपल्यापेक्षा मोठं असं काहीतरी सापडलं, ज्याच्यापुढे तो रोज मान खाली घालू लागला. घरचं दार मात्र सगळ्यांना उघडं झालं. कोवळ्या वयातले बालकवी त्या घरात पोटच्या पोरासारखे राहिले. टिळक १९१९ साली गेले. त्यांचं अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनी पुरं करायला घेतलं. ज्या बाईला लिहायला-वाचायला शिकवताना नवऱ्याचा धीर सुटे, त्याच बाईनं नवऱ्याचं महाकाव्य पुढे नेलं. याला तुम्ही काय म्हणाल मला माहीत नाही. मी प्रीती म्हणतो, पण एक शंका ठेवून. तापट माणसाची कीर्ती होते आणि सोसणाऱ्याचं कौतुक होतं, हा व्यवहार मला पुरता मान्य नाही. लक्ष्मीबाईंना लेखणी सापडली म्हणून आपण त्यांचं ऐकलं. ज्यांना सापडली नाही त्या बायांचं काय?

हीच शंका मला आणखी एका ठिकाणी येते. क्षमेचा उपदेश बहुधा मार खाल्लेल्यालाच केला जातो. मारणाऱ्याला कुणी बोलावून सांगत नाही की बाबा, जरा डोंगरावरचं प्रवचन वाच. माझं नाव ऐकून मला मराठी इतकं चांगलं कसं येतं असं विचारणारे भेटतात, आणि घर भाड्यानं देताना नाव ऐकून "नंतर कळवतो" म्हणणारेही भेटले आहेत. अशा वेळी "तुम्ही मनाला लावून घेऊ नका" असं सांगायला मात्र पुष्कळ लोक येतात. त्यामुळे प्रेमानं उत्तर द्या असं कुणी म्हटलं की मी आधी बघतो, कोण कुणाला सांगतंय.

म्हणूनच ग्लॅडिस स्टेन्स यांच्याविषयी बोलताना मी जपून बोलतो. ग्रॅहॅम स्टेन्स हे ऑस्ट्रेलियन मिशनरी. १९६५ पासून ते ओडिशात बारिपदा इथं कुष्ठरुग्णांमध्ये काम करत होते. १९९९ च्या जानेवारीत, २२ तारखेच्या रात्री, केओंझर जिल्ह्यातल्या मनोहरपूर गावात ते आपल्या गाडीत झोपले होते. बरोबर दहा वर्षांचा फिलिप आणि त्याच्याहून धाकटा टिमथी. जमावानं गाडी पेटवली. तिघंही जळून गेले. ग्लॅडिस यांनी जगाला सांगितलं की मारणाऱ्यांना मी क्षमा केली आहे, माझ्या मनात कडवटपणा नाही. अंत्यविधीच्या वेळी त्या आणि त्यांची मुलगी एस्थर यांनी मिळून एक भक्तिगीत गायलं. त्या लगेच मायदेशी गेल्या नाहीत. २००४ पर्यंत बारिपद्यातच राहून त्यांनी कुष्ठरुग्णांचं काम चालू ठेवलं. २००५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

त्या वेळी बस स्थानकाच्या कँटीनमध्ये या बातमीवर आमची चर्चा झाली होती. एक जण म्हणाला, "बाई देवीच आहे." दुसरा म्हणाला, "छे, दगड आहे." मला दोन्ही पटलं नाही. देवी म्हटलं की आपली सुटका होते. तिला जमलं, आपण माणसं, आपल्याला कसं जमणार. आणि दगडाला कडवटपणा येणार नाही हे सांगण्याची गरज कुठं असते? ती बाई रडलीच असणार. क्षमा केली याचा अर्थ दुखलं नाही असा होत नाही.

आणखी एक गोष्ट. क्षमा आणि गुन्ह्याची शिक्षा या दोन गोष्टी त्यांनी एकमेकींत मिसळल्या नाहीत. क्षमा त्यांची होती, कायद्याचं काम कायद्याचं. खटला चालला. मुख्य आरोपीला २००३ मध्ये फाशीची शिक्षा झाली, २००५ मध्ये उच्च न्यायालयानं ती जन्मठेपेवर आणली आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं जन्मठेप कायम केली. त्या विधवेच्या क्षमेमुळे या देशाची जबाबदारी तसूभरही कमी होत नाही. तिची क्षमा दाखवून इतर दुखावलेल्यांना "बघा, ती बाई, नाहीतर तुम्ही" असं म्हणणं तर मला पापच वाटतं. क्षमा ज्याची त्यानं द्यायची वस्तू आहे. दुसऱ्याच्या वतीनं ती देता येत नाही आणि मागून घेता तर मुळीच येत नाही.

तुम्ही म्हणाल, हे मोठ्या माणसांचं झालं, रोजच्या जगण्यात काय? तर माझा रोजचा राग चौकशीच्या खिडकीतून आत यायचा. मी वाहतूक नियंत्रक होतो. दिवाळीत गाडी रद्द झाली की ती डेपोनं रद्द केली की पुढच्या गावी बंद पडली याच्याशी प्रवाशाला देणंघेणं नसतं. खिडकीत दिसतो तो माणूस गुन्हेगार. एकदा एक गृहस्थ तावातावानं बोलत होते. बोलता बोलता त्यांनी माझ्या छातीवरची नावाची पट्टी वाचली आणि म्हणाले, "तरीच. तुम्ही लोक असेच." रांगेतले चार जण खाली बघायला लागले. मी विचारलं, "कुठं जायचंय?" ते म्हणाले, "संगमनेर." म्हटलं, "साडेचारची आहे, फलाट सहा. मागच्या दारानं चढा, जागा मिळेल." ते गेले. याला प्रीती म्हणण्याचा मोह मला होत नाही. ती नोकरी होती, आणि पखालीचं तोंड मी घट्ट धरलं होतं, एवढंच. घरी जाईपर्यंत पाणी आत हिंदकळत होतं.

प्रीती मी पाहिली ती आमच्या गल्लीत. शेजारी एक निवृत्त परिचारिका राहतात. ख्रिस्ती आहेत. सगळे त्यांना सिस्टरबाई म्हणतात. त्यांच्या पलीकडच्या घरमालकानं वाढीव बांधकाम करताना गटाराचं तोंड यांच्या दाराकडे वळवलं. बोलायला गेल्या तर त्यानं जातीधर्मावरून घाण घाण शिव्या दिल्या. हे एकदा नाही, वर्षभर. सिस्टरबाईंनी नगरपालिकेत अर्ज केला. मध्यंतरी त्या माणसाची म्हातारी आई अंथरुणाला खिळली आणि पाठीला जखमा झाल्या. सिस्टरबाई रोज सकाळी त्या घरी जाऊन मलमपट्टी करू लागल्या. तो समोरून आला तरी एक शब्द बोलायचा नाही.

मी एकदा विचारलं, "सिस्टरबाई, राग येत नाही का हो तुम्हाला?"

"येतो तर! भांडी घासताना इतका येतो की पातेल्याचं बूड पातळ झालंय."

"मग?"

"मग काय? रोज रात्री प्रार्थनेत त्याचं नाव घेते. दात आवळूनच घेते, खोटं कशाला बोलू? पहिले काही महिने तर नाव घेतलं की पुढं शब्दच सुचेना. नुसतं नाव घेऊन आमेन म्हणायचे."

"आणि अर्ज?"

"अर्जाचं काय? गटार चुकीचंच आहे की. म्हातारीच्या पाठीचा आणि गटाराचा काय संबंध?"

आमच्याच जिल्ह्यातल्या श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी सतराव्या शतकात 'योगसंग्राम' लिहिला, माणसाच्या आत चाललेल्या लढाईचा ग्रंथ. मुसलमान माणसानं मराठीत लिहिलेला. मला कुणी विचारलं की ती लढाई आज कुठं चालते, तर मी सिस्टरबाईंच्या मोरीकडे बोट दाखवीन.

म्हातारी दोन पावसाळ्यांपूर्वी गेली. शिव्या थांबल्या आहेत, पण तो माणूस बोलायला लागला असंही नाही. गटार आहे तिथंच आहे आणि पाऊस झाला की पाणी सिस्टरबाईंच्या उंबऱ्याला लागतं. मागच्या आठवड्यात त्यांनी नगरपालिकेला पुन्हा अर्ज दिला. मजकूर त्यांचा, अक्षर माझं. लिहिताना मी त्या माणसाचं नुसतं नाव लिहिलं होतं. त्यांनी चष्मा लावून कागद वाचला आणि परत माझ्या हातात दिला. म्हणाल्या, "भाऊ, नावाच्या आधी श्री. राहिलंय. तेवढं घाला."